घरटी एक कप

"बाई, जरा मागं सरा," ओव्हाळ मिस्त्री म्हणाले. त्यांनी वाचनालयाच्या पायरीवर पोत्याचा तुकडा पसरला, त्यात कप गुंडाळला आणि हातोडीचा एकच ठोका दिला.

आवाज फारसा झाला नाही, पण मी ओरडले. कारण कप फुटका नव्हता. पांढराशुभ्र, सोनेरी कडेचा, पोटावर गुलाबी वेल असलेला कप होता तो. कानाला साधा टवकासुद्धा गेलेला नव्हता.

"अहो मिस्त्री, चांगला होता की! मी फुटके मागितले होते."

"फुटका द्यायचा आन् ह्येच आमचं घर म्हनायचं, व्हय?" पोत्याची घडी उलगडत ते म्हणाले. "आमची पोरगी इशाखा धाव्वीला पास झाली तवा सांगलीस्नं सेट आनला हुता. सहाचा. आता पाचाचा झाला. तिच्या आईनं घरात चारदा इचारलं, ह्योच का, ह्योच का. म्हटलं, ह्योच."

तुकडे त्यांनी माझ्या ओंजळीत दिले. कपाचं गोल बूड त्यांनी बरोबर अख्खं राखलं होतं, मला हवं होतं तसं. चाळीस वर्षं फरश्या तोडलेला हात होता तो.

ही गोष्ट त्र्याण्णव सालची. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची, कन्याशाळेत चित्रकलेची शिक्षिका. कोल्हापुरातून कलाशिक्षकाचा डिप्लोमा घेऊन गावी परतले होते आणि गावाला चार गोष्टी शिकवण्याची मला भारी घाई झाली होती. आमच्या पेठेतल्या वाचनालयाला पंचाहत्तर वर्षं होत होती. दर्शनी भिंत कोरी होती. समितीला तिच्यावर ऑइलपेंटनं ज्ञानाची समई काढून हवी होती. मी हट्ट धरला, समई नको, मोझेक करू. टाकून दिलेल्या वस्तूंचं. पेठेतल्या पेठेत जमवलेलं.

समितीतल्या लोकांना मोझेक म्हणजे काय ते कळेना. मी पाऊण तास बोलले. शेवटी खोलीच्या कोपऱ्यात उभे असलेले ओव्हाळ मिस्त्री म्हणाले, "गच्ची गळू नये म्हनून वरनं कपबशांचं तुकडं बसिवतो का न्हाई आपन? बाई म्हंत्यात तीच गच्ची उभी करायची." लगेच ठराव पास झाला.

चित्र माझं ठरलेलं होतं. विहिरीवर वाकलेली बाभूळ आणि तिला लटकणारी सुगरणीची घरटी. बाभळीचं खोड जुन्या कौलांचं, विहीर शहाबादी फरशीची, आभाळ न्हाणीच्या उरल्यासुरल्या निळ्या टाइल्सचं. आणि प्रत्येक घरटं एकेका घरातून आलेल्या कपाचं. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'घरटी एक कप'. या कोटीवर मी इतकी खूश होते की भेटेल त्याला ती दोनदा समजावून सांगायची. बिचारे लोक दोनदा हसायचे.

मिस्त्रींनी काम अंगावर घेताना एकच गोष्ट मागितली.

"त्या झाडावर आमचंबी घरटं पायजे बाई. मधल्या फांदीवर."

"असणारच की."

"तसं न्हवं. पेठेतल्या समद्या घरातल्या फरश्या म्या बसिवल्यात. न्हान्या म्या केल्यात. तुमच्या घरची न्हानी केली तवा तुमी चौथीत हुता. पन आमचं घर ह्या घरांच्या रांगंत कवा बसलं न्हाई. इशाखा म्हंती, आप्पा, बारावी झाली की मी ह्या गावात परत पाय ठिवनार न्हाई, हितं आपलं हाय काय? मला तिला ह्ये दावायचंय."

विशाखा त्यांची एकुलती एक मुलगी. दहावीपर्यंत माझ्या वर्गात होती, पहिल्या बाकावर. हात असा की मीच कधी कधी तिची रेघ बघून गप्प बसायची. आणि जीभ हातापेक्षा धारदार. मी मिस्त्रींना शब्द दिला, मधली फांदी तुमची.

आठवड्याभरात कप जमले. पिशवीतून, वर्तमानपत्रात गुंडाळून, कुणी मुलीच्या हाती, कुणी स्वतः. आमच्या घरचा आईनं दिला. मागच्या दारी न्हाणीच्या भिंतीत कोनाडा होता, तिथून तिनं तो काढला.

"हा घे. नाहीतरी वेगळाच आहे. आता कोण त्यातून पितंय?" आणि हात पदराला पुसत म्हणाली, "गेला एकदाचा. बरं झालं."

तो कुणाचा कप होता हे मला माहीत होतं. खोटं कशाला सांगू? पण त्या वेळी मला त्याची निळी कडच दिसली. निळ्या कडेचा एक कप मला हवाच होता, तो घरातच मिळाला म्हणून मी उलट खूश झाले.

उन्हाळ्याची सुट्टी होती, शाळा रिकामी. एका दुपारी चित्रकलेच्या वर्गात मी सगळे कप धुवायला काढले. मिस्त्रींचा फोडलेला धरून चौतीस होते. धुऊन पालथे घालत गेले आणि सातव्या-आठव्या कपाला माझा हात थांबला. बुडावर तांबड्या ऑइलपेंटचा ठिपका होता. मग मी आधीचे उचलून बघितले. एकाच्या बुडावर नखाला लावायचा गुलाबी रंग. एकाच्या कानात काळा दोरा, गाठ मारून. एकावर कानशीनं घासून पाडलेली खाच. डॉक्टरीणबाईंच्या कपाला औषधाच्या बाटलीवर लावतात तसली चिकटपट्टी.

चौतीसपैकी सव्वीस कपांना खूण होती.

मी स्टुलावर बसून राहिले. घरटी एक कप मागितल्यावर प्रत्येक घरातल्या बाईनं एकच विचार केला होता, घरातला कुठला कप गेला तर चालेल? आणि प्रत्येकीचा हात कोनाड्यात, खिडकीत, मागच्या ओसरीवर गेला होता. मोलकरणीचा, मिस्त्रीचा, जळण घेऊन येणाऱ्या बाईचा कप. घरातल्या कपांत मिसळू नये म्हणून खूण केलेला. कुणी कुणाशी बोललं नव्हतं, कुणाच्या मनात वाईटही नव्हतं. काही जणींना तर आईसारखं सुटल्यासारखंच वाटलं असेल. माझ्या बाभळीवर पेठेची घरं म्हणून मी नेमके तेच कप टांगायला निघाले होते, आणि ते भिंतीत बसवणार होते ओव्हाळ मिस्त्री.

उद्घाटनाला आठ दिवस होते. पत्रिका छापून झाल्या होत्या. मी पुन्हा घरोघर जाऊ शकत होते. "काकू, हा नको, तुम्ही ज्यातून पिता त्यातला द्या," असं म्हणू शकत होते. निदान मिस्त्रींना जाऊन सांगू शकत होते. यातलं काहीही केलं असतं तर गावात बोंब झाली असती, समिती फुटली असती आणि माझं मोझेक तिथंच राहिलं असतं. मला माझं मोझेक हवं होतं. त्याला दुसरं कुठलंही सोज्वळ कारण मी आजवर शोधलं, पण सापडलं नाही.

मी कपाटातून थिनरची बाटली काढली. दोरे कापले, पट्ट्या सोलल्या, खाचा घासून सपाट केल्या आणि बाकीच्या खुणा एक एक करून पुसल्या. आमच्या घरचा कप सगळ्यात शेवटी पुसला. त्याचा रंग जुना होता, सुटायला वेळ लागला.

पुढच्या चार दिवसांत मी घरटी रचली. आमच्या कामाची रीत उलटी असते. मोठ्या कागदावर चित्र काढायचं, त्यावर खळीनं तुकडे पालथे चिकटवायचे, म्हणजे देखणी बाजू खाली आणि बूड वर. मग तो कागदच्या कागद ओल्या सिमेंटवर थापायचा आणि सुकल्यावर पाणी मारून सोलून काढायचा. तोवर चित्र कसं दिसणार ते कुणाला दिसत नाही. प्रत्येक घरट्याचं पोट म्हणून मी कपाचं गोल बूड मधोमध लावलं होतं आणि भोवती बाकीचे तुकडे.

पाचव्या दिवशी सकाळी मिस्त्री कागद न्यायला आले. वर्गाच्या फरशीवर सहा कागद पसरलेले होते. ते दाराशी क्षणभर थांबले, मग चप्पल काढून आत आले आणि पहिल्या कागदाशी उकिडवे बसले.

"ह्यो शेट्यांचा," ते म्हणाले.

"बूड बघून ओळखलंत?" मी हसले. मला खरोखर गंमत वाटली होती.

"आमी चा पिऊन झाला की कप इसळून पालथाच ठिवायचो बाई. आमाला बूडच वळखीचं."

माझं हसू जिथल्या तिथं राहिलं. मिस्त्री दुसऱ्या कागदाकडे सरकले. कुठल्याही तुकड्याला हात न लावता, नुसतं बोट दाखवत ते घरं सांगत गेले.

"ह्यो निकमांचा. ह्यो डाक्टरांचा, ह्यो टवका म्याच पाडलाय, धोंड्यावर इसळताना. ह्यो गुरवांचा. ह्यो…" थोडं थांबून ते म्हणाले, "ह्यो तुमच्या घरचा."

"आईनं दिला. मी नीट बघितलाच नाही."

"समद्यास्नी खुना हुत्या. तांबडा ठिपका, नखाचा रंग, काय न् काय." ते माझ्याकडे वळले. रागावलेले नव्हते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. "बाई, तुमाला ठावं हुतं?"

"काय?"

"ह्ये कंचे कप हायत ते."

"नाही," मी म्हणाले.

"आन् खुना?"

"माझ्याकडे आले तेव्हा नव्हत्या."

इतकं सरळ खोटं मी त्याआधी कधी बोलले नव्हते. लहानपणी बोलले असेन, पण ते पकडलं जाईल अशा तयारीनं. मिस्त्री पुन्हा कागदाकडे वळले. मग त्यांनी मलाच वाट काढून दिली.

"मग ज्येच्या त्येच्या घरनंच पुसून दिल्या आसतील. लाज वाटली आसंल."

"हो. असेल," मी म्हणाले.

"तुमाला ठावं आसतं तर म्या ह्येला हात लावला नसता. ठावं नसंल तर मग काम थांबवायचं काय कारन न्हाई."

"आणि तुमच्या घरचा कप?"

"ठरलाय तितंच लावायचा. मधल्या फांदीवर." ते उठले, गुडघा चोळला आणि कागदाची गुंडाळी कशी करायची, पुठ्ठे कुठं घालायचे ते सांगू लागले. मी सुटले होते. मला लाज वाटायला हवी होती, पण त्या क्षणी खरोखर वाटलं ते हेच, की सुटले बाई.

उद्घाटन रविवारी सकाळी झालं. भिंत इतकी सुरेख उतरली होती की माझा मलाच विश्वास बसेना. ऊन कलतं पडत होतं, कौलांच्या खोडाला खरीखुरी खरखर आली होती आणि चौतीस घरटी आपापल्या रंगात लटकत होती. मधल्या फांदीवरचं सोनेरी कडेचं घरटं सगळ्यात उठून दिसत होतं. दिसणारच. झाडावरचा तो एकच नवा कप होता.

वाचनालयाचे अध्यक्ष शेटेकाका यांनी भाषणात सांगून टाकलं, की एकाच झाडावर साऱ्या पेठेची घरं नांदत आहेत. टाळ्या झाल्या. मिस्त्रींना शाल दिली, नारळ दिला. त्यांनी शाल खांद्यावर तशीच राहू दिली आणि गर्दीतून विशाखाला हात करून बोलावलं. ती भिंतीजवळ आली. वडिलांनी बोट दाखवलेलं घरटं तिनं बघितलं, हात लावला, आणि चक्क हसली. मग तिची नजर शेजारच्या घरट्याकडे गेली. तिथून खाली, तिथून वरच्या फांदीवर.

"आप्पा," ती म्हणाली, "ह्यो निकमकाकूंच्या न्हाणीच्या खिडकीतला कप हाय न्हवं? मी भाकरी घिऊन यायची तवा ह्येच्यातनंच मला चा द्यायच्या."

मिस्त्रींनी शाल खांद्यावरून काढून घडी घालायला घेतली.

"आन् ह्यो शेट्यांचा. ह्यो डाक्टरांचा. आप्पा, ह्ये समदे आपलेच कप हायत की."

ती मोठ्यानं बोलली नव्हती, पण टाळ्या थांबलेल्या होत्या आणि सगळ्यांना ऐकू गेलं. बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि प्रत्येकीला आपला कप एकदम आठवला. तोवर आपण एकटीनंच तो दिलाय असं प्रत्येकीला वाटत होतं, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं.

निकमकाकू पुढे आल्या. "अगं पोरी, चांगला दिवस आहे. जुन्या गोष्टी कशाला उकरून काढतेस?"

"मी कुठं उकरल्या काकू? भिंतीवर तुम्ही लावल्यात," विशाखा म्हणाली. आता ती शाळेतल्या भाषेत बोलत होती. "आम्ही आमच्या घरातला चांगल्यातला चांगला कप फोडून दिला. आईचा जीव वरखाली होत होता."

मग ती माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते, आणि तिला त्याचाच जास्त राग आलेला होता.

"बाई, तुम्हाला माहीत होतं?"

माईक माझ्या हातात होता. आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं ना! मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी मिस्त्री बोलले.

"बाईस्नी ठावं न्हवतं."

"आप्पा, तुम्ही कशाला…"

"म्या इचारलं हुतं त्यास्नी. तोंडावर इचारलं हुतं. न्हाई म्हनल्या. त्यास्नी ठावं आसतं तर त्यांनी आसं केलं नसतं आन् म्याबी भिंत लावली नसती. लोकांनी दिलं, त्यांनी लावलं. त्यांच्याकडं बोट करायचं न्हाई."

"खरं, बाई?" विशाखानं विचारलं.

मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते बघणाऱ्यानं ठरवावं, अशी. तिनं ठरवलं. डोळे पुसले, सरळ चालत माझ्याकडे आली आणि फोटोग्राफर सगळ्यांना रांगेत उभं करत होता तिथं माझ्या शेजारी उभी राहिली.

"मी बाईंच्याच बाजूला थांबते," ती म्हणाली. "बाकी कुणाच्या नाही."

त्या फोटोत मी हसते आहे.

लोक शिरा-उपमा खायला मागच्या सभागृहात गेल्यावर मी मिस्त्रींना शोधत नळाशी गेले. ते थापी आणि घमेलं धूत होते. शाल घडी घालून कट्ट्यावर ठेवलेली होती.

"मिस्त्री, तुम्ही माझ्यासाठी…" मी म्हणाले.

"त्या दिशी वर्गाच्या खिडकीला फडकं वाळत हुतं बाई," थापी घासत ते म्हणाले. "तांबडं, गुलाबी. थिनरचा वास तर मला दारातच आला. रंगकामबी केलंय म्या."

"म्हणजे तुम्हाला विचारायच्या आधीच…"

"व्हय."

"मग विचारलंत कशाला?"

"वाटलं, सांगशिला."

माझा चेहरा कसा झाला असेल कुणास ठाऊक. त्यांनी नळ बंद केला.

"तुमच्या घरच्या कपाला ठिपका न्हवता," ते म्हणाले. "फूल हुतं. पाच पाकळ्याचं, बारीक. इशाखा पाच-सहा वर्सांची आसंल, माझ्यासंगं तुमच्या मागल्या दारी आलती. कप पालथा घातला तर म्हंती, आप्पा, ह्ये काय? म्या सांगितलं, ताम्हनकरांच्या हेमाताईनं आपल्यासाठी फूल काढलंय. तवापास्नं पोरगी फुलं काढाय लागली. पाटीवर, भुईवर, जितं दिसंल तितं. तुमच्या वर्गात पयल्या बाकावर का बसली ती? त्येच्यासाठीच."

ते फूल मीच काढलं होतं. चौथीत असताना. न्हाणीचं काम चालू होतं, मिस्त्रींचा कप दोनदा घरातल्या कपांत मिसळला, म्हणून आई म्हणाली, हेमे, तुझा रंग आण आणि ह्याच्या बुडाला खूण करून ठेव. मी ठिपका देण्याऐवजी हौसेनं फूल काढलं. आई म्हणाली सुद्धा, एवढं कशाला, नुसतं बोट टेकवलंस तरी चाललं असतं. मला शाबासकी हवी होती, ती काही मिळाली नाही. आणि उद्घाटनाच्या आधी, थिनरची बाटली घेऊन, मी ते माझं स्वतःचं फूल माझ्याच हातानं पुसलं होतं आणि मिस्त्रींना सांगितलं होतं की मी कप नीट बघितलाच नाही.

"मिस्त्री, ते फूल तुमच्यासाठी नव्हतं," मी म्हणाले. निदान एवढं तरी खरं बोलावं असं वाटलं. "आईनं खूण करायला सांगितली होती."

"मला काय ठावं न्हाई व्हय? खूणच ती." ते पहिल्यांदाच थोडे हसले. "पन पोरीला गावात एक तरी घर नको का बाई? आज तिच्यासमोर तुमी व्हय म्हनला आसता तर तेबी गेलं आसतं. मग ती हितनं गेली आसती ती कायमचीच. म्हून म्या मधी पडलो. तुमच्यासाठी न्हाई."

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं आणि घमेल्यात थापी, ओळंबा, सुतळी नीट रचून ठेवली.

"आता एक करा," ते म्हणाले. "म्या पोरीसंगं खोटं बोललो. आज चारचौघांत बोललो. म्या जित्ता हाय तवर ह्ये आसंच ऱ्हाऊ द्या. तिच्या नजरंसमोर मला खोटं ठरायचं न्हाई. पन माझ्या माघारी तुमी सांगा. तुमच्या तोंडानं. दुसऱ्या कुनाकडनं कळाया नको."

"सांगेन," मी म्हणाले. "शप्पथ."

"शपथ नको. सांगा म्हंजी झालं."

विशाखा गावाबाहेर गेली, पण कायमची नाही. वास्तुशास्त्र शिकली, पुण्यात तिचं स्वतःचं ऑफिस आहे, आठ माणसं हाताखाली आहेत. वाचनालयाची भिंत अजून आहे. कसल्याशा पुस्तिकेत भिंतीचा फोटो आला, खाली माझं नाव आणि मिस्त्रींचंही. लोक बघायला येतात तेव्हा कुठलं घरटं कुणाचं ते सांगायला कुणी पुढे येत नाही. निकमकाकू तर आमच्या घरातून कप गेलाच नव्हता, असं शेवटपर्यंत सांगत होत्या.

ओव्हाळ मिस्त्री पाच वर्षांपूर्वी गेले. तेव्हा मी मनाशी म्हटलं, आता. तेराव्या दिवसाची वाट बघायची तर त्यांच्यात तेरावा नसतो, पुण्यानुमोदन असतं. तिथं मी गेले, पण इतक्या माणसांत कसं बोलणार? मग म्हटलं, मे महिन्यात विशाखा येईल तेव्हा. ती दर मे महिन्यात येते. गावात त्यांचं घर आता बंदच असतं. ती सरळ माझ्याकडे उतरते. पहिल्या वर्षी ती दुःखात होती. दुसऱ्या वर्षी तिची मुलगी बरोबर होती. तिसऱ्या वर्षी माझं डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. चौथ्या वर्षी काहीच कारण नव्हतं, तरी नाही सांगितलं.

यंदा मी पक्कं ठरवलं होतं. सकाळीच आंघोळ करून, वाक्यं जुळवून बसले होते. ती आली, पिशवी टाकली, आणि आत जाऊन चहा तिनंच टाकला. माझ्या घरात कुठं काय आहे ते तिला डोळे मिटून सापडतं. दोन कप घेऊन माझ्यासमोर येऊन बसली.

"विशाखा," मी म्हणाले, "मला तुझ्याशी भिंतीबद्दल बोलायचंय."

"मलाही," ती म्हणाली. "परवा ऑफिसातल्या मुलांना मी ती गोष्ट सांगितली. मुलं म्हणाली, मॅडम, बाईंना खरंच माहीत नसेल कशावरून? चौतीस कप हातातून गेले आणि कळलं नाही?"

"मग?"

"मी म्हटलं, माझ्या वडिलांनी विचारलं होतं त्यांना. आणि आमचे आप्पा उभ्या जन्मात माझ्याशी एकदाही खोटं बोलले नाहीत. विषय संपला." तिनं माझा हात हातात घेतला. "बोला बाई. तुम्ही काय सांगत होतात?"

मी तिच्याकडे बघितलं. कपाळ बापाचं, बसण्याची ढबही बापाची.

"काही नाही गं," मी म्हणाले. "चहा घे, गार होतोय."